वास्को काउंटीत नव्याने आलात? इथून सुरुवात करा

ओरेगनमध्ये येणारी मराठी कुटुंबं बहुतेक करून पोर्टलंडच्या पश्चिमेला, हिल्सबरो-बीव्हर्टनकडे स्थिरावतात. पण हॉस्पिटलातली नोकरी, डेटा सेंटरचं काम किंवा 'शहरात घर परवडत नाही' या कारणाने एखादं कुटुंब पूर्वेकडे ऐंशी-पंच्याऐंशी मैल सरकतं आणि कोलंबिया नदीकाठच्या द डॅल्स गावात येऊन पडतं. हे वास्को काउंटीचं मुख्य गाव. शाळा, वाणसामान, इंटरनेट ही सगळी सोय आठवड्याभरात लागते. इथला कारभार कोण चालवतं, शेजारी कशावरून तापतात आणि आपण घेतोय त्या जमिनीवर काय करता येतं, हे मात्र कुणी बसवून सांगत नाही. ते इथे क्रमाने सांगतो. दुसऱ्या एखाद्या ग्रामीण काउंटीत राहायला गेलात तरी क्रम हाच ठेवा, तपशील तेवढे बदलतील.

पहिली पायरी: नकाशा भिंतीवर लावा

फोनवरचा नकाशा रस्ता दाखवतो, मुलूख दाखवत नाही. काउंटीचा मोठा कागदी नकाशा मिळवा. उत्तरेला कोलंबिया नदी, तिच्या पलीकडे वॉशिंग्टन राज्य. पश्चिमेला कॅस्केड पर्वतरांग आणि माउंट हूडचा खांदा. पूर्वेकडून आणि मधून डेशूट्स नदी खोल दरी कापत उत्तरेला येते, आग्नेयेला जॉन डे नदी. क्षेत्रफळ सुमारे २,४०० चौरस मैल, आणि २०२०च्या जनगणनेत माणसं साधारण २६,७००. त्यातली १६ हजार एकट्या द डॅल्समध्ये. उरलेल्या दहा हजारांना सगळा मुलूख मोकळा.

इथल्या जगण्याची किल्ली पावसात आहे. कॅस्केडच्या पश्चिम उतारावर ढग रिकामे होतात आणि पूर्वेला पर्जन्यछाया पडते. महाबळेश्वर आणि माण तालुक्यातला फरक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मोझियरच्या झाडीतून निघून अँटेलोपच्या उघड्या माळावर पोहोचल्यावर आश्चर्य वाटणार नाही. द डॅल्सला वर्षाकाठी जेमतेम १४-१५ इंच पाऊस पडतो. म्हणून नदीजवळ पाणी देता येतं तिथे चेरीच्या बागा, ड्युफरच्या आसपास पावसावरचा गहू, आणि दक्षिणेला गुरं चारायची राने. गव्हाची जमीन बहुधा एक वर्ष पेरतात आणि एक वर्ष पडीक ठेवतात, ओल साठावी म्हणून. गावात नवा आलेला माणूस त्या पडीक रानाकडे बघून 'कुणी कसत नाही वाटतं' म्हणतो आणि तिथेच ओळखला जातो.

दुसरी पायरी: तुम्ही गावात आहात की गावाबाहेर?

हा प्रश्न घर घेण्याआधी सोडवा. रीतसर नगरपालिका असलेली गावं सहाच: द डॅल्स, मोझियर, ड्युफर, मोपिन, शॅनिको आणि अँटेलोप. शेवटची दोन तर चाळिशीच्या आतल्या लोकसंख्येची. टाय व्हॅली, वॉमिक, रोवेना ही नावं नकाशावर आहेत, वस्ती आहे, पण नगरपालिका नाही. तिथे रस्ता, बांधकाम परवाना, पोलीस हे सगळं काउंटीकडे. पोलीस म्हणजे शेरिफ.

पोस्टाच्या पत्त्यावर विसंबू नका. पत्त्यात 'द डॅल्स' असलं तरी प्लॉट हद्दीबाहेर असू शकतो. मग शहराचं पाणी आणि गटार नाही, स्वतःची विहीर आणि सेप्टिक टाकी. घर दाखवणारा एजंट हे सांगेलच असं नाही. काउंटीच्या असेसर, म्हणजे करासाठी मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या खात्याच्या ऑनलाइन नकाशात प्लॉट शोधला की दोन मिनिटांत कळतं.

दक्षिण-पश्चिमेला वॉर्म स्प्रिंग्ज रिझर्वेशन, म्हणजे आदिवासी जमातींसाठी राखलेला मुलूख आहे, त्याचा मोठा भाग या काउंटीत आणि शेजारच्या जेफरसन काउंटीत येतो. तिथे आदिवासी जमातींचं स्वतःचं सरकार, स्वतःचे पोलीस, स्वतःचं कोर्ट. तिथे मासेमारी, शिकार, नदीत उतरणं, कॅम्प टाकणं यांचे नियम वेगळे असतात. काउंटीत आहोत म्हणजे काउंटीचेच नियम, असं समजून जाऊ नका.

तिसरी पायरी: भांडणांचा इतिहास वाचा

स्थापनेच्या तारखा पाठ करून काही हाती लागत नाही. वास्को काउंटीचा इतिहास भांडणांच्या क्रमाने वाचा. जवळजवळ प्रत्येक भांडण जमिनीचं, नाहीतर पाण्याचं. आणि त्यामागे एक प्रश्न कायम: इथला कोण आणि बाहेरचा कोण?

कोलंबिया नदीच्या अरुंद, खडकाळ भागात सेलायलो धबधबा होता. हजारो वर्षं इथे सामन मासा पकडला जाई आणि दूरदूरच्या जमाती देवाणघेवाणीला जमत. पश्चिमेचा मुलूख धुंडाळायला निघालेली लुईस आणि क्लार्कची तुकडी ऑक्टोबर १८०५मध्ये इथून गेली, तेव्हा ही पेठ आधीपासून गजबजलेली होती. १८४०च्या दशकात ओरेगन ट्रेल या वाटेवरून पूर्वेकडच्या वसाहतकऱ्यांच्या गाड्या येऊ लागल्या. द डॅल्सला रस्ता संपायचा. पुढे नदीतून तराफ्यावर जीव टांगणीला लावून जायचं, किंवा १८४६नंतर माउंट हूडला दक्षिणेकडून वळसा घालणाऱ्या बार्लो रोडने टोल भरून.

११ जानेवारी १८५४ला काउंटी स्थापन झाली तेव्हा ती कॅस्केडपासून रॉकी पर्वतापर्यंत पसरलेली होती, सुमारे १,३०,००० चौरस मैल. आजच्या आयडाहोचा, शिवाय मोंटाना आणि वायोमिंगचाही काही भाग तिच्यात होता. पुढे तिचे तुकडे पडत गेले: क्रुक १८८२, शर्मन १८८९, हूड रिव्हर १९०८. १८५९मध्ये बांधलेलं पहिलं कोर्टहाउस द डॅल्समध्ये अजून उभं आहे. लाकडी, दुमजली, साधं. खाली कोठडी, वर न्यायालय. एवढ्या अफाट मुलखाचा कारभार त्या माडीवरून चालत होता, हे तिथे उभं राहिल्याशिवाय खरं वाटत नाही. वेळ काढून बघून या.

२५ जून १८५५च्या तहात वास्को आणि वॉर्म स्प्रिंग्ज जमातींनी सुमारे एक कोटी एकर जमीन सोडली आणि साडेसहा लाखांच्या आसपास एकर रिझर्वेशन म्हणून राखली. मात्र नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क त्यांनी लिहून घेतला. तो कागद आजही कोर्टात चालतो. १० मार्च १९५७ला द डॅल्स धरणाची दारं बंद झाली आणि काही तासांत सेलायलो पाण्याखाली गेला. धबधब्याजागी आज संथ जलाशय आहे, शेजारून हायवे जातो आणि बाजूला सेलायलो व्हिलेज ही छोटी वस्ती आहे. हंगामात नदीकाठी आदिवासी कोळी ताजा सामन विकतात. गाडीत बर्फाची पेटी आणि खिशात रोख पैसे ठेवा. बाजारात असा मासा मिळत नाही.

शॅनिकोचं थोडक्यात सांगतो. १९००मध्ये रेल्वे आली आणि हे गाव लोकरीची मोठी बाजारपेठ झालं. १९११मध्ये डेशूट्सच्या दरीतून दुसरा लोहमार्ग झाला आणि गाव ओसरलं.

आता रजनीशपुरम, म्हणजे ओशो रजनीशांच्या अनुयायांनी इथे वसवलेलं शहर. पुण्याच्या माणसाला ही काउंटी नावाने नसली तरी गोष्टीने माहीत असते. पण आपल्याकडे ती रोल्स रॉइस गाड्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. इथल्या माणसासाठी ती झोनिंगची, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय करता येतं याच्या नियमांची, आणि मतदार यादीची गोष्ट आहे.

ओरेगनने १९७३मध्ये, टॉम मॅकॉल गव्हर्नर असताना, शेतजमीन वाचवण्यासाठी कडक कायदा केला. शहरांनी आखलेल्या रेषेच्या आत वाढायचं, बाहेरची शेती शेतीच राहायची. जुलै १९८१मध्ये रजनीशांच्या लोकांनी अँटेलोपजवळचं ६४ हजार एकरांहून मोठं बिग मडी रँच ५७.५ लाख डॉलरना घेतलं. कोरेगाव पार्कचा आश्रम सोडून जूनमध्ये अमेरिकेत आलेले रजनीश ऑगस्टअखेर तिथे पोहोचले. जमीन शेतीची, म्हणजे वस्ती उभारायला परवानगी नाही. त्यावर तोडगा असा काढला की गावच रीतसर स्थापन करायचं. नोव्हेंबर १९८१मध्ये काउंटी मंडळाच्या तीन सदस्यांनी २ विरुद्ध १ मताने त्यासाठी निवडणूक मंजूर केली, आणि मे १९८२मध्ये १५४ विरुद्ध शून्य मतांनी रजनीशपुरम हे शहर झालं. मत देणारे सगळे रँचवरचेच. इकडे अँटेलोपच्या जुन्या रहिवाशांनी आपलं गावच विसर्जित करायचा ठराव आणला, म्हणजे नगरपालिका ताब्यात जाणार नाही. तोही ५५ विरुद्ध ४२ने पडला, कारण नव्या लोकांनी तोवर घरं घेऊन नावं नोंदवली होती. वर्षाअखेर गावचं कौन्सिल त्यांच्या हाती गेलं.

नोव्हेंबर १९८४मध्ये काउंटीच्या तीनपैकी दोन जागांची निवडणूक होती. त्याआधी ऑगस्टमध्ये रँचची पाहणी करायला गेलेल्या दोन काउंटी अधिकाऱ्यांना दूषित पाणी पाजलं गेलं. त्यातले काउंटी जज, म्हणजे मंडळाचे प्रमुख, बिल हल्स हॉस्पिटलात पोहोचले. सप्टेंबरमध्ये द डॅल्समधल्या दहा रेस्टॉरंटच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला मिसळला गेला आणि ७५१ जण आजारी पडले. मतदानाच्या दिवशी इथले लोक घरीच पडून राहावेत, ही त्या बेताची रंगीत तालीम होती. दुसऱ्या बाजूने देशभरच्या शहरांतून हजारो बेघर माणसं बसने रँचवर आणली गेली, मतदार म्हणून. काउंटी क्लर्कने नव्या नोंदण्या थांबवल्या, प्रत्येकाची सुनावणी लावली आणि बेत फसला. १९८५च्या शरदात सगळंच कोसळलं. रजनीशांची सचिव शीला सप्टेंबरात पळाली, रजनीशांना ऑक्टोबरअखेर नॉर्थ कॅरोलायनात अटक झाली, आणि नोव्हेंबरात चार लाख डॉलर दंड भरून त्यांनी देश सोडला. जानेवारी १९८७मध्ये ते पुन्हा पुण्यात आले. त्या जागी आता ख्रिस्ती तरुणांचा कॅम्प आहे.

ओळख झाल्याझाल्या हा विषय आपण काढू नये. आजारी पडलेल्या ७५१ जणांपैकी कुणी तुमच्याच गल्लीत राहत असेल. 'मी पुण्याचा' म्हटल्यावर समोरचा स्वतः काढेलच, तेव्हा आधी ऐकून घ्या.

चौथी पायरी: जमीन घेण्याआधी तीन गोष्टी तपासा

एकराचा भाव बघून आपल्या माणसाला भुरळ पडते. थांबा.

पहिली गोष्ट, खुणेचा नंबर. इथली मोजणी १८५१मध्ये पोर्टलंडजवळ रोवलेल्या विलामेट दगडापासून सुरू होते. त्यापासून उत्तरेला-दक्षिणेला टाउनशिप, पूर्वेला-पश्चिमेला रेंज. एक टाउनशिप सहा मैल बाय सहा मैल, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकर. द डॅल्सच्या परिसरातल्या कागदावर '१ उत्तर १३ पूर्व' असं दिसेल, पुढे सेक्शनचा आकडा आणि टॅक्स लॉट. ही ओळ वाचता आली की सातबारा वाचता आल्यासारखंच. खरेदीखत काउंटी क्लर्ककडे नोंदलं जातं, जुने व्यवहार तिथेच शोधायचे.

दुसरी, झोन. शेतीच्या झोनमध्ये नवा तुकडा पाडायचा तर राज्य कायद्याप्रमाणे शेतजमिनीला किमान ८० एकर आणि कुरणाला १६० एकर लागतात. पाच एकर घेऊन 'फार्महाउस' बांधायचं स्वप्न इथे बहुतेक वेळा प्लॅनिंग खात्याच्या खिडकीपाशी मोडतं. सौदा करण्याआधीच त्या खिडकीशी जा. शिवाय नदीकाठचा मोठा पट्टा १९८६च्या केंद्रीय कायद्याने कोलंबिया गॉर्ज निसर्गरम्य क्षेत्रात येतो. तिथे घराच्या रंगापर्यंत अटी असतात.

तिसरी, पाणी. ओरेगनमध्ये पाणी जनतेचं, आणि १९०९च्या कायद्यापासून हक्क 'ज्याचा आधी, त्याला आधी' असा. दुष्काळात नव्या हक्काचा नळ आधी बंद होतो. घरगुती विहिरीला वेगळा हक्क लागत नाही: दिवसाला १५ हजार गॅलनपर्यंत घरवापर आणि अर्ध्या एकरापर्यंत अंगण-परसबाग. त्यापलीकडे विक्रीसाठी काही पिकवायचं, तर जमिनीबरोबर पाण्याचा हक्क आहे का ते बघा. नदी दिसते म्हणून पाणी मिळतं असं नाही.

पाण्यावरचं ताजं भांडण डेटा सेंटरचं. धरणाची स्वस्त वीज बघून गूगलने २००६मध्ये द डॅल्सला आपलं केंद्र सुरू केलं. ते किती पाणी पितं हे व्यापारी गुपित आहे, असं म्हणून शहराने आकडे द्यायला नकार दिला आणि वर्तमानपत्राविरुद्ध कोर्टात गेलं. डिसेंबर २०२२मध्ये माघार घेऊन आकडे उघड केले: २०२१मध्ये शहराच्या पाण्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त वाटा एकट्या कंपनीचा. नोकऱ्या, करसवलती आणि पाणी यांवरून गावात उघड दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर आकडे लपवणं ही त्यातली सगळ्यात वाईट चाल होती.

पाचवी पायरी: कोण निवडून येतं ते समजून घ्या

आपल्या डोक्यात जिल्हा म्हटला की कलेक्टर येतो. इथे वरून नेमलेला कलेक्टर नाही. तीन कमिशनर चार वर्षांसाठी निवडून येतात, तेच काउंटीचं मंडळ. शेरिफ, क्लर्क, असेसर, ट्रेझरर हेही निवडून येतात, आणि सरकारी वकील म्हणजे डिस्ट्रिक्ट अटर्नीसुद्धा. त्यामुळे कमिशनरकडे जाऊन 'शेरिफला सांगा' म्हणून उपयोग नसतो, शेरिफ मतदारांना उत्तर देतो. जुन्या कागदांत 'काउंटी कोर्ट' आणि 'काउंटी जज' हे शब्द येतात, ते याच मंडळाचं पूर्वीचं रूप.

याशिवाय वेगळी निवडून आलेली मंडळं आहेत: शाळा, पोर्ट (बंदर), वीज देणारं पीयूडी, लायब्ररी, अग्निशमन. पीयूडी सोडून यांच्या निवडणुका विषम वर्षांच्या मेमध्ये होतात आणि मतदान इतकं कमी असतं की मूठभर मतांनी निकाल फिरतो. मुलांच्या शाळेबद्दल तक्रार असेल तर दार शाळा मंडळाचं ठोठवायचं.

बैठका खुल्या असतात, विषयपत्रिका आधी जाहीर होते. एखाद्या बैठकीला नुसतं मागे जाऊन बसा. पुलाची डागडुजी, तणनाशकाचं कंत्राट असले विषय निघतील, पण कोण कुणाच्या बाजूचा ते तासाभरात उमजतं. बजेट समितीत कमिशनरांइतकेच सामान्य मतदार नेमावे लागतात, आणि त्या जागांना माणसं मिळत नाहीत. नागरिक असाल तर अर्ज करा. स्थानिक बातम्यांसाठी 'कोलंबिया गॉर्ज न्यूज' वाचत जा.

सहावी पायरी: मतपत्रिका आली म्हणून मत देऊ नका

ही पायरी एच-वन आणि ग्रीन कार्डवाल्यांनी दोनदा वाचावी. ओरेगनमध्ये मतपत्रिका टपालाने घरी येते. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयातून मतदार नोंदणी २०१६पासून आपोआप होते, आणि नागरिक नसलेल्या हजाराहून जास्त लोकांची नावं चुकून यादीत गेल्याचं २०२४मध्ये उघडकीस आलं. अशी मतपत्रिका तुमच्या नावाने आली तर ती भरू नका. क्लर्कच्या कार्यालयाला लेखी कळवून नाव काढून घ्या आणि उत्तराची प्रत जपून ठेवा. एक चुकीचं मत पुढच्या नागरिकत्वाच्या अर्जावर पाणी फिरवू शकतं. सुनावणीत बोलायला मात्र नागरिक असावं लागत नाही. बिनधास्त बोला.

नागरिकांनी निवडणुकीच्या २१ दिवस आधीपर्यंत नोंदणी करायची. एके काळी ही मुदत फार सैल होती. रजनीशपुरमच्या प्रकारानंतर १९८६मध्ये मतदारांनी राज्यघटनेतच मर्यादा घातली.

सातवी पायरी: शेजार आणि हंगाम

काउंटीतला साधारण पाचवा हिस्सा लॅटिनो आहे, त्यातली कितीतरी कुटुंबं चेरीच्या बागांवर उभी राहिली. गहू-गुरंवाल्यांची घराणी तीन-चार पिढ्यांची. शिवाय आदिवासी, निवृत्त मंडळी आणि पोर्टलंडहून आलेले नवे लोक. रस्त्यात समोरून येणारा पिकअपवाला स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतो, तुम्हीही उचला. जून-जुलैत चेरीची तोडणी असते, त्या काळात बागवाल्याकडून कसल्याही गप्पांची अपेक्षा ठेवू नका.

उन्हाळा म्हणजे वणवे. जुलै २०१८च्या सबस्टेशन फायरने इथला आणि शर्मन काउंटीतला उभा गहू हजारो एकरांत जाळला. जून २०२५मध्ये रोवेनाच्या आगीत पन्नासहून जास्त घरं गेली. काउंटीच्या इशाऱ्यांसाठी फोन नोंदवा. लेव्हल एक म्हणजे तयारी, दोन म्हणजे गाडीत सामान, तीन म्हणजे ताबडतोब निघा. तिसऱ्याची वाट बघत बसू नका, वारा इथे कुणासाठी थांबत नाही. वाळल्या गवतात गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरने आग लागते. एप्रिल-मेमध्ये रोवेना क्रेस्टवर पिवळी फुलं बघायला जाल तेव्हा पायवाट सोडू नका, अंगाला खाज सुटवणारं पॉयझन ओक आणि विषारी रॅटलस्नेक साप दोन्ही असतात. हिवाळ्यात बर्फगारठ्याने हायवे बंद पडतो, तेव्हा घरात चार दिवसांचं सामान हवं. दक्षिणेला जाताना मोपिनलाच टाकी भरा.

आठवी पायरी: ऑक्टोबरातला लिफाफा

घर घेतलं असेल तर ऑक्टोबरमध्ये प्रॉपर्टी टॅक्सचं, म्हणजे घरपट्टीचं स्टेटमेंट येतं. ओरेगनमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे स्थानिक कारभाराचा मोठा भार याच्यावर. त्यात दोन किमती दिसतील. एक बाजारभाव आणि दुसरी कर आकारणीची. १९९७च्या 'मेझर ५०' या घटनादुरुस्तीमुळे दुसरी किंमत वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्के वाढते, म्हणून ती बहुधा बाजारभावापेक्षा खूप खाली असते. नवी खोली बांधली तर मात्र तेवढ्या भागाची वाढ वेगळी धरतात. खालच्या ओळींत शाळा, काउंटी, शहर, पोर्ट, लायब्ररी, फायर यांचे हिस्से वेगवेगळे छापलेले असतात. किंमत चुकीची वाटली तर ३१ डिसेंबरपर्यंत अपील करता येतं. त्याआधी असेसरच्या कार्यालयात जाऊन विचारा, पुष्कळदा गैरसमज तिथल्या तिथे सुटतो. अपील केलं असलं तरी पैसे वेळेवर भरायचे: १५ नोव्हेंबरच्या आत पूर्ण रक्कम भरली तर ३ टक्के सूट, दोन तृतीयांश भरली तर २ टक्के. बँक तुमच्या वतीने भरत असेल, तर तिने वेळेत भरले की नाही हे काउंटीच्या वेबसाइटवर आपल्या खाते क्रमांकाने तपासून घ्या.